नैरोबीचा नकाशा: वस्त्या कशा वेगळ्या पाडल्या गेल्या (प्रकल्प नोंदी)

६ जानेवारी २०२५

वसाहती शहरांवरच्या फिरत्या प्रदर्शनात नैरोबीचा भाग माझ्याकडे आला आहे. एक मोठा नकाशा, त्यावर कालखंडानुसार लेयर, म्हणजे एकावर एक ठेवायचे माहितीचे थर, आणि शेजारी मजकुराचे फलक. केपटाउन घ्यायचं की नैरोबी, यावर बैठकीत बरीच चर्चा झाली. मी नैरोबीचा आग्रह धरला. दक्षिण आफ्रिकेत १९५० चा ग्रुप एरियाज अ‍ॅक्ट आहे, हाँगकाँगमध्ये पीक टेकडीसाठी १९०४ चा वटहुकूम आहे. तिथे कायद्यावर बोट ठेवता येतं. नैरोबीत गोरे टेकडीवर, भारतीय बाजाराच्या आसपास आणि आफ्रिकन पूर्वेच्या सपाटीवर, अशी अख्ख्या शहराची वाटणी करणारा एक कायदा कधी झालाच नाही. तरी वाटणी झाली आणि ती साठ वर्षं टिकली. कशाने टिकली, ते नकाशावर दिसायला हवं.

दुसरं कारण म्हणजे या गोष्टीचे धागे मुंबई, परळ आणि गोव्यापर्यंत येतात. आपल्या वाचकाला ते दाखवायलाच हवेत.

९ जानेवारी

पायाचे दोन लेयर लावून झाले: उंची आणि माती.

ब्रिटिशांच्या युगांडा रेल्वेचे रूळ मोंबासा बंदराहून इथे पोचले ३० मे १८९९ रोजी. पुढे रिफ्ट खोऱ्याकडची चढण सुरू होते, त्याआधीची ही सपाट, पाण्याजवळची जागा. यार्ड, वर्कशॉप आणि गोदामं टाकायला सोयीची म्हणून इंजिनिअरांनी ती निवडली. शहर वसवायला जागा कशी आहे, हा प्रश्न त्या वेळी कोणी विचारला नव्हता. नदीकाठची दलदल तशीच होती.

उंचीचा लेयर चालू केला की पश्चिमेकडे आणि उत्तरेकडे जमीन चढत जाताना दिसते. तिकडे लाल माती, पाणी झरझर निघून जातं. पूर्वेकडे आथी नदीच्या मैदानाकडे जमीन सपाट होत जाते आणि माती काळी. विदर्भ-मराठवाड्यात काळ्या रानात ज्यांनी घर बांधलं आहे त्यांना पुढचं सांगायला नको: पावसाळ्यात माती फुगते, उन्हाळ्यात भेगा पडतात, भिंती तडकतात, पाणी आठ-आठ दिवस हटत नाही.

आता याच लेयरवर १९४० पर्यंतच्या वस्त्या ठेवल्या. युरोपीय वस्त्या जवळजवळ सगळ्या लाल मातीवर. आफ्रिकनांसाठी आखलेल्या वसाहती काळ्या मातीवर. प्रदर्शनात हा पडदा मजकुराशिवाय, नुसताच दाखवावा असं मला वाटतं. मजकूर त्याच्यानंतर येऊ दे.

१४ जानेवारी

रेल्वेच्या सुरुवातीच्या आखणीचा स्कॅन जिओरेफरन्स केला, म्हणजे आजच्या नकाशावर जागच्या जागी बसवला. स्टेशन आणि रेल्वेचे मार्ग जुळवणीच्या खुणा (कंट्रोल पॉइंट) म्हणून चांगले उपयोगी पडले, कारण ते फारसे हललेले नाहीत.

आखणीत काय आहे: स्टेशन, यार्ड, अधिकाऱ्यांचे बंगले, त्यांच्यापासून वेगळे ठेवलेले खालच्या नोकरांचे क्वार्टर, भारतीय बाजार, धोब्यांची जागा. हुद्दा आणि वंश हे दोन्ही घरांच्या आखणीत आधीच मिसळलेले आहेत. आफ्रिकनांनी राहायचं कुठे, याची जागाच त्यात नाही. हमाल, घरगडी, मजूर म्हणून ते पहिल्या दिवसापासून शहरात होते. आखणाऱ्यांच्या लेखी ते कामापुरते आलेले आणि काम संपलं की गावाकडे परतणारे. ही एक समजूत पुढे पन्नास वर्षं घरबांधणीचं धोरण ठरवत राहिली: आफ्रिकन पुरुषाला खोली नाही तर खाट मोजून द्यायची, बायकामुलांचा हिशोब धरायचाच नाही.

रेल्वे बांधायला भारतातून सुमारे ३२,००० मजूर नेले होते, बहुतेक पंजाबचे. सुमारे २,५०० जण तिथेच मेले, सुमारे ६,७०० तिथेच राहिले. बाजारातले दुकानदार मात्र या मजुरांपैकी थोडेच होते. ते बहुतांशी गुजरात-कच्छकडून आपल्या खर्चाने आलेले व्यापारी. ही दोन माणसं एकच समजली जातात, फलकावर ती वेगळी ठेवायची.

१७ जानेवारी

१९०२ चा प्लेग. आजची नोंद लांबणार.

बाजार वसला होता दलदलीला लागून, सखल जागी. पत्र्याची दुकानं, मागच्या खोलीत कुटुंब, त्याच छपराखाली धान्याची पोती. गटारं नावालाच. १९०२ मध्ये तिथे प्लेगचे रुग्ण सापडले. निदान करणारे डॉक्टर होते गोव्याचे रोझेंडो आयर्स रिबेरो. नैरोबीतले ते पहिल्या खासगी डॉक्टरांपैकी, दवाखाना बाजारातच. माणसाळवलेल्या झेब्र्यावर बसून रुग्ण तपासायला जायचे. त्यांचा झेब्र्यावरचा फोटो नैरोबीवरच्या बऱ्याच लेखांत दिसतो आणि बहुधा गंमत म्हणूनच छापला जातो. मला तो प्लेगच्या फलकावर हवा आहे. कारण रिबेरोंनी निदान कळवल्यावर सरकारी वैद्यकीय अधिकाऱ्याने अख्खा बाजार जाळायचा हुकूम दिला आणि त्यात रिबेरोंचा दवाखानाही जळाला. पुढे त्यांच्या देणगीतून नैरोबीत गोवेकर मुलांची शाळा उभी राहिली, ती त्यांच्याच नावाने ओळखली गेली.

जाळण्याच्या हुकमावर काय लिहायचं, यावर आज सहकाऱ्याशी जोरदार वाद झाला. त्याचं म्हणणं, "ताई, प्लेगच्या काळात वस्त्या जाळणं, छपरं काढणं मुंबईतही झालंच की. हा वंशभेद कसा?" मुद्दा बरोबर आहे. माझं उत्तर असं: जाळणं हा त्या काळचा उपाय होता, मान्य. पण जळाल्यानंतर काय बांधलं, ते बघायचं. बाजार घाण का होता? पाणी, गटार, सफाई यांवर खर्च कोणी करायचा होता? घरपट्टी भारतीय दुकानदारही भरत होते. त्या प्रश्नांची उत्तरं शोधायच्या ऐवजी, भारतीयांच्या सवयीच रोगट आहेत म्हणून त्यांना लांब ठेवा, असा निष्कर्ष निघाला. आणि तो निष्कर्ष रोग गेल्यावरही राहिला.

फलकावर हे दोन्ही लिहायचं ठरलं.

२१ जानेवारी

आज दिवसभर एकच माणूस: प्राध्यापक विल्यम जॉन सिम्पसन.

मुंबईत मांडवीला १८९६ च्या सप्टेंबरात प्लेग निघाला, तेव्हा हे कलकत्त्याचे आरोग्य अधिकारी होते. पुढे लंडनला उष्णकटिबंधीय वैद्यकाच्या शाळेच्या स्थापनेत त्यांचा वाटा. मग साम्राज्यात कुठेही प्लेग निघाला की सल्ल्याला सिम्पसन. १९०१ मध्ये केपटाउन: तिथे प्लेगच्या नावाखाली हजारो आफ्रिकनांना बंदराजवळच्या वस्तीतून उचलून शहराबाहेर, पुढे ज्याला न्डाबेनी म्हणू लागले, त्या जागी नेऊन टाकलं. मग हाँगकाँग. १९०८ मध्ये अक्रा. आणि १९१३ मध्ये पूर्व आफ्रिका. नैरोबीच्या अहवालात त्यांनी युरोपीय, आशियाई आणि आफ्रिकन यांच्या राहण्याच्या जागा वेगळ्या कराव्या, व्यापाराची जागा निराळी ठेवावी आणि मधे मोकळे पट्टे सोडावे, अशी शिफारस केली. या प्रवासाचा एक छोटा नकाशा मुख्य नकाशाच्या कोपऱ्यात टाकते आहे. शहरांची नावं आणि वर्षं, बाकी काही नाही.

आता मला सगळ्यात जास्त खटकणारी गोष्ट. १९१३ पर्यंत प्लेग कसा पसरतो ते माहीत झालं होतं. पोल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने १८९८ मध्ये कराचीत उंदरावरच्या पिसवांचा संबंध दाखवला होता. १९०५ पासून प्लेग संशोधन आयोगाने परळच्या प्रयोगशाळेत, म्हणजे आज जिथे हाफकिन संस्था आहे तिथे, गिनिपिग आणि उंदरांवर प्रयोग करून तो पक्का केला. उंदीर धान्यामागे येतो, पिसू उंदरामागे. म्हणजे उपाय होता धान्याची गोदामं घरापासून वेगळी करणं, जोती पक्की करणं, गटारं बांधणं. सिम्पसनच्या अहवालात गटारं आणि घरबांधणीवरही पुष्कळ आहे, ते नाकारायचं कारण नाही. पण गटारांना पैसा लागत होता. वंशांच्या रेषेला तो लागत नव्हता. सरकारने रेषा उचलली.

परळमध्ये झालेलं शास्त्र हाताशी असताना हे घडलं, ही गोष्ट मराठी वाचकाला ठळकपणे सांगायचीच.

२८ जानेवारी

जमिनीचे कागद. हा भाग कोरडा दिसतो, पण सगळी मेख इथेच आहे.

१९०८ मध्ये वसाहतमंत्री लॉर्ड एल्गिन यांनी कळवलं की उंचावरच्या थंड प्रदेशात भारतीयांना सरकारी जमिनी देऊ नयेत. कारण दिलं प्रशासकीय सोयीचं. १९१५ च्या क्राउन लँड्स (सरकारी जमिनींच्या) वटहुकमाने दोन वेगळ्या वंशांच्या माणसांमधला जमिनीचा व्यवहार रोखण्याचा अधिकार गव्हर्नरला दिला. हे प्रामुख्याने शेतजमिनींबद्दल. शहरात काम भाडेपट्ट्यांनी केलं. युरोपीय भागातल्या प्लॉटच्या पट्ट्यात अट असायची की या घरात आशियाई किंवा आफ्रिकन माणूस राहणार नाही, अपवाद फक्त घरातल्या नोकराचा.

अपवादाकडे नीट पाहिलं की व्यवस्था कळते. नोकर बंगल्यात हवाच होता. टेकडीवरच्या प्रत्येक आवारात मागच्या बाजूला नोकरांच्या खोल्या होत्या. म्हणजे आफ्रिकन माणूस गोऱ्या वस्तीत रात्रंदिवस राहत होता, त्याने आजार पसरेल अशी धास्ती तिथे आड आली नाही. तो मालकाच्या अंगणात राहायचा, स्वतःच्या नावावरच्या घरात नाही. आरोग्याच्या युक्तिवादाला यापेक्षा मोठं उत्तर मला अजून सापडलेलं नाही. मुख्य नकाशात या खोल्या ठिपक्यांनी दाखवायच्या. टेकडीवर ठिपके विखुरलेले दिसतील, तेव्हा 'वेगळी वस्ती' म्हणजे काय होतं ते लोकांच्या लक्षात येईल.

३० जानेवारी

१९२३.

भारतीयांनी या काळात मताधिकार, उंचावरच्या जमिनी आणि शहरातलं विभाजन या तीन गोष्टींवर मोठं आंदोलन उभं केलं. श्रीनिवास शास्त्री लंडनला शिष्टमंडळ घेऊन गेले. जुलै १९२३ मध्ये वसाहतमंत्री ड्यूक ऑफ डेव्हनशर यांची श्वेतपत्रिका आली. केनिया ही आधी आफ्रिकनांची भूमी आहे आणि त्यांचं हित सर्वोच्च, असं तिच्यात म्हटलं होतं. उंचावरच्या जमिनी मात्र गोऱ्यांसाठीच राखून ठेवल्या. शहरांमधल्या सक्तीच्या वांशिक विभाजनाचं धोरण तेवढं सोडून दिलं.

कागदावर इथे गोष्ट संपायला हवी होती. पण भाडेपट्ट्यातल्या अटी शाबूत राहिल्या. मोंबासात सरकारने काही प्लॉट लिलावाला काढले, बोली फक्त युरोपियनांनी लावायची आणि वर राहण्याबद्दलची तीच अट. कादरभाई नावाच्या भारतीय रहिवाशाने हे कोर्टात नेलं. प्रकरण लंडनला प्रिव्ही कौन्सिलपर्यंत, म्हणजे वसाहतींच्या शेवटच्या अपील कोर्टापर्यंत गेलं आणि १९३१ मध्ये निकाल जमीन आयुक्ताच्या बाजूने लागला: सरकार जमिनीचं मालक आहे, मालक आपल्या जमिनीला अशी अट घालू शकतो. या निकालाला स्वतंत्र फलक द्यायचा. धोरण म्हणून जे आठ वर्षांपूर्वी सोडलं होतं, ते मालकी हक्क म्हणून उजळ माथ्याने परत आलं.

४ फेब्रुवारी

पणजीच्या एका काकूंशी फोनवर बोलले. १९५० च्या दशकात त्यांचं लहानपण नैरोबीत गेलं, वडील कारकून. नाव द्यायचं नाही असं त्यांनी सांगितलं आहे.

मी विचारलं, "काकू, अमुक भागात जायचं नाही अशा पाट्या असायच्या का हो?"

"अगं, घरांवर कसल्या पाट्या! घर बघायला आपण त्या बाजूला जायचंच नसतं, हे आईबाबांना ठाऊक होतं, म्हणून आम्हाला ठाऊक होतं. कोणी येऊन सांगावं लागत नव्हतं." मग थोडं थांबून म्हणाल्या, "आणि खरं सांगू का, पूर्वेकडच्या वस्तीत तरी आम्ही कुठे कधी गेलो? आमच्याकडे काम करायला येणारा माणूस कुठे राहतो, हे मी कधी विचारलंच नाही."

गोवेकरांची शिरगणती केनियात 'भारतीय' या रकान्यात होत नसे, वेगळी होई. क्लब वेगळा, शाळा वेगळी. वरून आलेल्या तीन रकान्यांच्या आत आपल्या लोकांनीही आपापले रकाने करून घेतले होते: धर्माचे, जातीचे, प्रांताचे. काकूंचं शेवटचं वाक्य ऑडिओत ठेवायची परवानगी मागितली. त्यांनी दिली.

७ फेब्रुवारी

मणिलाल देसाई आणि हॅरी थुकू यांच्यावर छोटी चौकट लिहून झाली. देसाई सुरतकडचे, नैरोबीत 'ईस्ट आफ्रिकन क्रॉनिकल' चालवायचे. तरुण आफ्रिकनांचं संघटन करणाऱ्या थुकूंना त्यांनी आपल्या कचेरीत जागा दिली, छपाईला मदत केली. थुकूंना १४ मार्च १९२२ ला अटक झाली. १६ तारखेला पोलिस ठाण्यासमोर जमलेल्या लोकांवर गोळीबार झाला. सरकारी आकड्यानुसारही २१ जण मेले.

देसाई अपवाद होते. बहुतेक भारतीय पुढाऱ्यांची मागणी होती की आम्हीही ब्रिटिश प्रजा आहोत, आम्हाला गोऱ्यांच्या बरोबरीने वागवा. आफ्रिकनांच्या वस्त्यांचा प्रश्न त्या मागणीत फारसा येत नाही. हे लिहिताना काहींना दुखेल, पण चौकटीत ते वाक्य राहील.

१२ फेब्रुवारी

पांगानी. या लेयरवर सगळ्यात जास्त वेळ गेला आणि अजून जाणार.

आफ्रिकनांना आखणीत जागा नव्हती, म्हणून त्यांनी स्वतः वस्त्या उभ्या केल्या: पांगानी, मस्किनी, काबुरिनी आणि मोंबासा गाव. घरं किनाऱ्याकडच्या स्वाहिली पद्धतीची: मधून एक बोळ, दोन्ही बाजूंना खोल्या, मागे अंगण, तिथे चूल. कुडाच्या भिंती मातीने लिंपलेल्या, छपराला रॉकेलचे डबे उकलून, ठोकून सपाट केलेले पत्रे. खोल्या भाड्याने दिल्या जायच्या. आणि घरमालकांमध्ये बायका पुष्कळ होत्या. गावाकडे ज्यांना जमिनीत वाटा मिळणं कठीण, त्या बायकांनी इथे साठवलेल्या पैशातून घर बांधलं आणि भाड्यावर म्हातारपणाची सोय केली.

नगरपालिकेच्या दृष्टीने ही घाण आणि बेशिस्त. १९२० च्या दशकाच्या सुरुवातीला पूर्वेला पुम्वानी ही अधिकृत 'नेटिव्ह लोकेशन', म्हणजे आफ्रिकनांसाठी ठरवून दिलेली वस्ती, सुरू झाली आणि एकेक जुनी वस्ती पाडत लोकांना तिकडे नेलं. पांगानी सगळ्यात जास्त टिकली, १९३९ च्या सुमारास तीही गेली. तिथल्या लोकांसाठी शौरी मोयो ही वसाहत बांधली होती, पण ती नगरपालिकेच्या मालकीची. काल जी घरमालकीण होती ती आज भाडेकरू.

शहरात यायला पुरुषांना किपांडे बाळगावं लागे, म्हणजे ओळख आणि नोकरीची नोंद असलेला कागद. १९१९-२० पासून तो धातूच्या डबीत घालून गळ्यात अडकवावा लागायचा. कुठे राहायचं आणि किती काळ, हे त्या डबीवर ठरायचं.

वसाहती नकाशांत या जुन्या वस्त्या नुसत्या ठिपकेदार छटेत दाखवतात, आत एकही गल्ली नाही. आमच्या नकाशात त्या नावानिशी येतील.

१८ फेब्रुवारी

१९४८ चा मास्टर प्लॅन. करणारे थॉर्नटन व्हाइट, सिल्बरमन आणि अँडरसन, दक्षिण आफ्रिकेतून बोलावलेले. वंशाच्या प्रश्नावर आपण तटस्थ आहोत अशी त्यांची भूमिका. शब्द नवे: शेजार-घटक (नेबरहूड युनिट), हरित पट्टा, घनता. पण घनतेचा नकाशा आमच्या १९४० च्या लेयरवर ठेवला आणि पारदर्शकता कमी-जास्त करून पाहिली. रेषा बऱ्याच ठिकाणी तिथल्या तिथेच आहेत. कमी घनता टेकडीवर, जास्त घनता पूर्वेला.

सहा वर्षांनी त्या रेषांचा लष्करी उपयोग झाला. ब्रिटिश सत्तेविरुद्धचं माऊ माऊ बंड मोडण्यासाठी २४ एप्रिल १९५४ ला सुरू झालेल्या 'ऑपरेशन अ‍ॅन्व्हिल'मध्ये सैन्याने आफ्रिकन वस्त्यांना वेढे घातले. बंडाशी संबंध असल्याचा संशय असलेल्या किकुयु, एम्बू आणि मेरू जमातींच्या लोकांना वेगळं काढलं आणि २० हजारांहून अधिक जणांना छावण्यांत डांबलं. आफ्रिकन लोक ठराविक वसाहतींतच राहत होते आणि त्या वसाहतींना मोजके रस्ते होते, म्हणून वेढा घालणं सोपं गेलं. हे एका ओळीत लिहून भागणार नाही, दुसऱ्या फलकाची जागा मागितली आहे.

२१ फेब्रुवारी

रंगांचा प्रश्न सोडवला. वंशाला गोरा-तपकिरी-काळा रंग द्यायचा नाही, यावर सगळ्यांचं एकमत. मी रंग दिले आहेत निर्बंधाच्या प्रकाराला: भाडेपट्ट्याच्या अटीने बंद, नगरपालिकेच्या नियमाने बांधलेलं, रेल्वेच्या मालकीचं, पाडून टाकलेलं. त्यामुळे पाहणाऱ्याला 'कोण कुठे राहत होतं' याआधी 'कोणी अडवलं आणि कशाने' हे दिसतं.

शेवटचा लेयर १२ डिसेंबर १९६३ नंतरचा. स्वातंत्र्यानंतर मुथाइगा या गोऱ्यांच्या वस्तीतल्या आणि आसपासच्या बंगल्यांत नवे मंत्री, अधिकारी राहायला गेले, वंशाची अट गेली. प्लॉटचं आकारमान राहिलं. पूर्वेला एका खाटेच्या हिशोबाने बांधलेल्या खोल्यांत कुटुंबं आली, तीही राहिली. इथे आजचे उपग्रह-फोटो ठेवते आहे, म्हणजे छपरांचा आकार लोकांना स्वतःच मोजता येईल.

२५ फेब्रुवारी

उरलेलं काम: पांगानीच्या गल्ल्या, नोकरांच्या खोल्यांचे ठिपके, त्यासाठी जुने हवाई फोटो मोठे करून बघायला लागतील, कादरभाई प्रकरणाच्या फलकाचा मराठी मजकूर कायद्याच्या जाणकाराकडून तपासून घेणं. स्वाहिली गावनावांचे उच्चार केनियातल्या एका अभ्यासकाकडे पाठवले आहेत, उत्तर आलं की लेबलं कायम करायची. छपाईला फाइल मार्चअखेर जाईल. पांगानी अपुरी राहिली तर बाकीचे लेयर आधी पाठवायचे, तिच्यासाठी जागा रिकामी ठेवून.